हातासकट चित्र हवं? मग पाच गिनी जास्त

कुंचला_कात्री (धागाकर्ती)

सर गॉडफ्री नेलर हे नाव इथे फारसं कुणी ऐकलं नसेल. लंडनमध्ये १७००च्या आगेमागे राजापासून पुस्तकविक्यापर्यंत सगळे ज्याच्यासमोर बसायचे, तो हा मूळचा जर्मन चित्रकार. त्याचे दर नोंदलेले आहेत. नुसतं डोकं आणि खांदे १५ गिनी. एक हात दिसायला हवा असेल तर २०. अर्धाकृतीला ३०, पायापर्यंत सगळं हवं तर ६०. गिनी या सोन्याच्या नाण्याचा भाव १७१७ साली एक पौंड एक शिलिंग असा पक्का झाला. त्या शतकात लंडनच्या घरात राबणाऱ्या मोलकरणीला वर्षाकाठी पाच ते दहा पौंड मिळत. म्हणजे साहेबांना हात दाखवायची हौस आली की एका मोलकरणीचा वर्षाचा पगार त्या हातात गेला म्हणायचा.

हे कळल्यापासून मी जुनं पोर्ट्रेट पाहिलं की आधी हात मोजते. आपल्याला सवय अशी लागलीय की चित्रकार म्हटलं की प्रतिभा, एकांत आणि दारिद्र्य. पण पोर्ट्रेट हा सरळ धंदा होता. मापं ठरलेली, दर ठरलेले, अर्धे पैसे पहिल्या बैठकीला आणि उरलेले चित्र नेताना. कॅनव्हासही ठरावीक मापांत तयार मिळायचे: डोक्यासाठी ३० बाय २५ इंच, अर्धाकृतीला ५० बाय ४०, पूर्णाकृतीला ९४ बाय ५८. मधलं एक ३६ बाय २८चं माप आहे, त्याला 'किट-कॅट' म्हणतात. त्या नावाच्या क्लबाच्या सभासदांची चाळीसेक पोर्ट्रेटं नेलरने त्या मापात केली. त्यात डोक्याबरोबर एक हात मावतो. (चॉकलेट फार नंतरचं.)

पण मला खरं सांगायचंय ते मेरी बीलबद्दल.

मेरी बील (१६३३–१६९९) ही सफोकमधल्या एका पाद्र्याची मुलगी. नवरा चार्ल्स सरकारी कारकुनीत होता, ती नोकरी १६६५च्या सुमारास गेली. काही वर्षं हॅम्पशरमधल्या खेड्यात काढून १६७०ला कुटुंब लंडनला परतलं, पॅल मॅल रस्त्यावर घर घेतलं, आणि मेरीने पाटी लावल्यासारखा धंदा सुरू केला. घर बायकोच्या कमाईवर चालायचं आणि नवरा तिचा कारखाना सांभाळायचा. कॅनव्हासला अस्तर देणं, रंग बनवणं, गिऱ्हाइकांच्या वेळा लावणं आणि हिशोब लिहिणं हे सगळं चार्ल्सकडे. तो पंचांगासारख्या छापील वार्षिक पुस्तकात कोरी पानं घालून रोजच्या नोंदी करायचा. त्यांतल्या १६७७ आणि १६८१च्या वह्या आजही आहेत, एक ऑक्सफर्डला आणि एक लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत.

दर: डोकं-खांदे ५ पौंड, मोठं चित्र १० पौंड. त्या वेळचा राजाचा चित्रकार पीटर लेली १६७१पासून डोक्याला २० आणि पूर्णाकृतीला ६० घेत होता, म्हणजे बील बाई बाजारात मधल्या फळीत. पाद्री, वकील, छोटे सरदार, त्यांच्या बायका. १६७७ साली तिच्याकडे ८३ कामं आली आणि ४२९ पौंड मिळाले. कमाईचा दहावा हिस्सा गरिबांसाठी बाजूला काढलेला असायचा.

वह्यांत रंगांच्या पाककृती आहेत, उधाऱ्या आहेत, कुठल्या दिवशी कोण बसलं ते आहे. त्यातच मधूनमधून चार्ल्स बायकोचा उल्लेख 'माझं लाडकं काळीज' अशा अर्थाने करतो. कोरड्या जमाखर्चात अचानक असं काही आलं की वाचणाराच जरा लाजतो. दोन्ही मुलगे बार्थोलोम्यू आणि धाकटा चार्ल्स आईच्या हाताखाली होते. चेहऱ्याभोवती दगडी कोनाड्यासारखी जी लंबगोल चौकट रंगवायची फॅशन होती, ती कामं या पोरांची, आणि त्यांना त्याचे पैसेही मिळत.

१६८१च्या वहीत मात्र कामं ओसरलेली दिसतात. रिकाम्या वेळात मेरी घरच्यांना समोर बसवून अभ्यासचित्रं करते. तीही गादीच्या खोळीच्या, पोत्याच्या कापडावर, महागाचा कॅनव्हास वाचवत. माझ्या मते तिची सगळ्यांत जिवंत चित्रं त्या अभ्यासचित्रांतच आहेत. गिऱ्हाईक नसलं की चेहऱ्यावर लेलीछाप झोपाळू डोळे काढायची सक्ती नसते.

अशा कारखान्यांबद्दल, दरांबद्दल, भांडणांबद्दल कुणाला माहिती असेल तर लिहा. मला गप्पा हव्या आहेत, 'छान लेख' नको.

---

तांबडा_पांढरा

छान लेख. (राहवलं नाही.)

कोल्हापुरात आमच्या वडिलांचं दुकान होतं. पाट्या, नंबरप्लेटा आणि फोटोवरून तैलचित्रं. वडील फक्त चेहरा करायचे. फोटोवर आणि कॅनव्हासवर चौकटी टाकून घ्यायचं, रेखाटन करायचं आणि मग तीनचार दिवस डोळे, नाक, ओठ. कोट, फेटा, मागचा पडदा, खुर्चीचे हात हे सगळं हाताखालचा पोरगा. फेटा बऱ्याचदा फोटोत नसायचाच. घरचे सांगायचे 'फेटा बांधा आबांना', की दुकानातल्या खुंटीवरचा फेटा समोर ठेवून रंगवायचा. गळ्यात सोन्याची साखळी हवी असेल तर वेगळे पैसे. आणि हो, दोन्ही हात मांडीवर दिसणारं चित्र महागच. बोटं काढणं हे चेहऱ्याइतकंच जिकिरीचं, आणि गिऱ्हाइकाला ते काम दिसत नाही.

त्यामुळे तुमच्या नेलरसाहेबांचं मला अजिबात नवल वाटलं नाही.

---

शंकासूर

म्हणजे सही एकाची आणि काम तिघांचं? आज कुणी असं केलं तर फसवणूक म्हणतील. गिऱ्हाइकाला माहीत असायचं का, की आपल्या मखमली कोटाला साहेबांनी हातही लावलेला नाही?

---

कुंचला_कात्री

@तांबडा_पांढरा, बोटांबद्दल लिहिलंत ते फार बरं केलंत. दर असे का, याचं इतकं सरळ उत्तर मला कुठल्या पुस्तकात मिळालं नव्हतं.

@शंकासूर, माहीत असायचं. नुसतं माहीत नव्हे, ती पद्धतच होती. लेलीच्याही आधीचा राजाचा चित्रकार व्हॅन डाइक, त्याचं वर्णन याबाख नावाच्या त्याच्या एका गिऱ्हाइकाने सांगून ठेवलंय. एका माणसाला एका वेळी तासाभराहून जास्त बसवायचं नाही. वेळ झाली की व्हॅन डाइक उठून मुजरा करायचा आणि पुढची तारीख द्यायचा. नोकर लगेच कुंचले धुऊन दुसरी रंगपाटी आणायचा, कारण पुढचं गिऱ्हाईक दाराशी असायचं. कपडे गिऱ्हाइकाने पाठवून द्यायचे, ते हाताखालची मंडळी रंगवणार. आणि हात? हातांसाठी पगारी माणसं ठेवलेली होती, बाई आणि पुरुष दोन्ही. तेव्हा ते व्हॅन डाइकचे प्रसिद्ध लांबसडक सरदारी हात बरेचदा सरदाराचे नाहीतच.

लेलीकडे तर ठरलेल्या पोझना नंबर होते. तो मेल्यावर व्यवस्थापकांनी कारखान्यातल्या अर्धवट चित्रांचे हिशोब केले, त्यात अमुक नंबरची पोझ अशा नोंदी सापडतात. गिऱ्हाइकाने नंबर निवडायचा, चेहरा आपला आणायचा.

अठराव्या शतकात यातून स्वतंत्र पेशाच तयार झाला, कपडे रंगवणाऱ्यांचा. अँटवर्पहून आलेला योसेफ व्हान आकेन हा त्यांतला राजा. टॉमस हडसन आणि अॅलन रॅम्झी हे एकमेकांचे प्रतिस्पर्धी, पण दोघांच्याही चित्रांतलं सॅटिन व्हान आकेनचं. गावोगावचे चित्रकार नुसता चेहरा रंगवलेला कॅनव्हास त्याच्याकडे पाठवायचे असंही नोंदलेलं आहे. तो १७४९ला वारला तेव्हा त्याच्या मृत्युपत्राची अंमलबजावणी कुणाकडे, तर हडसन आणि रॅम्झीकडे! विल्यम होगार्थने म्हणे त्याच्या अंत्ययात्रेचं व्यंगचित्र काढलं होतं. मागे लंडनचे सगळे पोर्ट्रेटवाले छाती पिटत चाललेले.

---

चिमणराव_नव्हे

कोटाच्या बटणांत हात खुपसून उभे राहिलेले साहेब आठवले. हाताचे पैसे वाचवायची युक्ती असणार ती!

---

कुंचला_कात्री

मोह होतो खरा, पण नाही. ती उभं राहण्याची सभ्य रीत मानली जायची. १७३७च्या एका शिष्टाचाराच्या पुस्तकात पुरुषाने तसं उभं राहावं म्हणून चित्रासकट दाखवलंय. हडसनच्या गिऱ्हाइकांत तर त्याची साथच होती. चित्रकाराची पाच बोटं वाचायची, ते त्याचं नशीब.

---

अनुजा_रॉटरडॅम

भांडणं हवीत म्हणालात, घ्या. इकडे हॉलंडात भांडणांचे कागद वकिलांनी फार नीट जपून ठेवलेत.

पहिलं फ्रान्स हाल्सचं. १६३३ साली अॅम्स्टरडॅमच्या नागरी पलटणीतल्या १६ जणांनी त्याला सामूहिक चित्राचं काम दिलं. दर डोक्यामागे, आधी ६० गिल्डर आणि पुढे ६६. पण हाल्स राहायचा हार्लेमला. अंतर फार नाही, आज ट्रेनने पंधरावीस मिनिटं. तेव्हा मात्र प्रत्येक खेपेला घोडागाडी किंवा कालव्यातली होडी, मुक्काम, खाणावळ. हाल्स म्हणाला तुम्ही इकडे या, पलटण म्हणाली आम्ही सोळा जण कुठे येणार, तू ये. १६३६मध्ये दोन्हीकडून कायदेशीर नोटिसा गेल्या. कुणीच हललं नाही. शेवटी १६३७ला पीटर कोडे नावाच्या अॅम्स्टरडॅमच्या चित्रकाराकडून चित्र पुरं करून घेतलं.

ते चित्र रिक्सम्युझियममध्ये आहे. डावीकडचा निशाणवाला बघा, फिकट सॅटिनचा कोट, फटकाऱ्यांनी काढलेला, तो हाल्सचा. उजवीकडे सरकलात की कपडे एकदम गुळगुळीत आणि शहाणे होतात. कोडेने हाल्ससारखं काढायचा मनापासून प्रयत्न केलाय, म्हणून तर फरक जास्त जाणवतो.

दुसरं रेम्ब्राँचं. १६५४ साली दिएगो दांद्रादा नावाच्या पोर्तुगीज व्यापाऱ्याने एका तरुणीचं चित्र सांगितलं, ७५ गिल्डर आगाऊ दिले. चित्र होत आलं तेव्हा तक्रार: ही ती मुलगी दिसतच नाही. बदल, नाहीतर पैसे परत दे. रेम्ब्राँ म्हणाला, उरलेले पैसे आधी ठेव, मग हात लावेन. सारखेपणा आहे की नाही ते आमच्या चित्रकारांच्या संघाचे पंच ठरवतील. त्यांनी नाही म्हटलं तर बदलेन. तरीही पसंत नसेल तर चित्र माझ्याकडे राहू दे, पुढे माझ्या वस्तूंचा लिलाव करीन तेव्हा विकून टाकेन.

दोन वर्षांनी, १६५६ला, त्याचं दिवाळं निघालं आणि घरातल्या सगळ्याच वस्तूंची यादी झाली.

---

शंकासूर

हा माझा मुद्दा. सारखेपणा ठरवणार कोण? स्वतःचा चेहरा माणूस आरशात उलटा बघतो, बायको वेगळा बघते, सावकार वेगळा.

---

तांबडा_पांढरा

आमच्याकडे थोरली सून ठरवायची. ती 'हे मामंजीच' म्हणाली की पैसे सुटायचे.

---

वाचनमात्र_सुधीर

एरवी मी फक्त वाचतो, आज राहवत नाही. सारखेपणाचा सगळ्यांत निःपक्षपाती पंच लंडनमध्ये जोशुआ रेनॉल्ड्सच्या घरी होता (पेनवाला नव्हे). तो म्हणजे मकाव जातीचा पोपट.

रेनॉल्ड्सकडे १७७१पासून पाचेक वर्षं जेम्स नॉर्थकोट हा तरुण शिकायला राहिला होता. त्याने घरातल्या मोलकरणीचं चित्र काढलं. त्या मकावचं आणि मोलकरणीचं हाडवैर. चित्र दिसताच पक्षी पंख पसरून धावला आणि तिच्या चेहऱ्यावर चोच मारायला लागला. रेनॉल्ड्सला हे इतकं आवडलं की घरी पाहुणे आले की तो हा प्रयोग पुन्हा पुन्हा करून दाखवायचा.

धंद्याचं म्हणाल तर रेनॉल्ड्स म्हणजे या सगळ्या पद्धतीचा कळस. १७४०मध्ये, सतराव्या वर्षी, वर ज्याचा उल्लेख आला त्या हडसनकडे तो शिकायला राहिला. शिकवणीची रक्कम १२० पौंड! शिकण्यासाठी कुटुंबाने कर्ज काढायचं आणि मग आयुष्यभर फेडायचं, हे फक्त आजच्या इंजिनिअरिंगवाल्यांचं दुखणं नाही. इटलीहून परत आल्यावर त्याने दर कसे चढवले ते पाहा. १७६४ला डोकं ३० गिनी, अर्धाकृती ७०, पूर्णाकृती १५०. १७८२ला ५०, १०० आणि २००. नेलरच्या मानाने तिपटीहून जास्त.

त्याच्या भेटींच्या खिशातल्या वह्या रॉयल अकॅडमी या चित्रकारांच्या संस्थेत आहेत. १७५८ या एका वर्षात दीडशे माणसं येऊन बसली. १७६०ला त्याने लेस्टर फील्ड्सला मोठं घर घेतलं आणि मागे अष्टकोनी चित्रशाळा बांधली. खिडकी लहान, तीही जमिनीपासून नऊ फुटांवर, म्हणजे उजेड वरून आणि एकाच बाजूने. गिऱ्हाइकाची खुर्ची दीड फूट उंच आणि खाली चाकं, हवी तशी फिरवायला. कुंचले एकोणीस इंच लांब. तो उभ्याने काढायचा, मागे जाऊन बघायचा, पुढे येऊन फटकारा मारायचा. समोर आरसा असायचा, त्यात गिऱ्हाइकाला चित्र होताना दिसे, म्हणजे कंटाळा येत नसे.

कपडे इथेही दुसऱ्यांचे. पीटर टॉम्स हा त्यांतला प्रमुख. १७६८ला रॉयल अकॅडमी स्थापन झाली तेव्हा रेनॉल्ड्स तिचा पहिला अध्यक्ष आणि टॉम्सही संस्थापक सभासद. म्हणजे कपडेवाल्याला कुणी हलकं समजत नव्हतं. रोमहून आणलेला ज्युसेप्पे मार्की तर वर्षानुवर्षं रेनॉल्ड्सजवळ राहिला.

उलट गेन्सबरो. तो आपले कपडे आपणच रंगवायचा, आणि ते दिसतं. त्याची बाई, तिचा झगा आणि मागचं झाड एकाच वाऱ्याने हललेलं असतं. १७८७ला त्याचे दर ४०, ८० आणि १६० गिनी, रेनॉल्ड्सपेक्षा खाली. सगळं एकहाती करूनही स्वस्त! यावरून @शंकासूर यांना उत्तर मिळावं. गिऱ्हाईक हाताला पैसे देत नव्हतं, नावाला देत होतं.

---

रसायन_काका

नावाला पैसे दिले आणि चेहरा उडाला, ही गोष्ट कुणी सांगितलीच नाही.

रेनॉल्ड्सने गालांच्या लालीसाठी कार्माइन लेक वापरला. हा कोचिनील किड्यापासून काढलेला तांबडा रंग. ताजा असताना असा की रक्त वाहतंय वाटावं. पण उजेडात टिकत नाही. काही वर्षांत लाली गेली आणि खाली शिशाचा पांढरा उरला. माणसं जिवंत, हिंडतीफिरती, आणि भिंतीवर त्यांची चित्रं आजारी. मित्रांनी सांगून पाहिलं की हिंगूळ वापरा, टिकतो. त्याला हिंगूळ भरड वाटायचा. शिवाय तेलात मेण मिसळ, राळ मिसळ, वर अंड्याचं वार्निश दे, असे सतत प्रयोग. खालचा थर ओला, वरचा सुकलेला, मग तडे ठरलेलेच. गडद सावल्यांना डांबरासारखं बिट्युमेन वापरलं की ते कधी धड सुकतच नाही, मगरीच्या पाठीसारखं आकसतं. लेखक होरेस वॉलपोलचा शेरा होता की रेनॉल्ड्सला एकरकमी पैसे देऊच नयेत, चित्र टिकेल तितकी वर्षं हप्ता द्यावा.

आणि हे प्रयोग कुलपात! नॉर्थकोटने तक्रार लिहून ठेवलीय की गुरूचे रंग नेहमी कुलूपबंद खणात असायचे, शिष्यालाही दाखवत नसे. पाच वर्षं घरात राहून मुलगा रंगाबद्दल काहीच शिकला नाही. सुदैवच त्याचं म्हणायचं.

याच्या शेजारी चार्ल्स बीलला ठेवून बघा. तो कारकून माणूस, पण लेक रंग घरी बनवायचा, प्रत्येक खेपेचा हिशोब लिहायचा, आणि त्याचा माल इतका चांगला की लेलीकडून काढून घेतलेल्या चित्रांच्या पैशांपोटी त्याने काही भाग लेक रंग आणि अल्ट्रामरीन देऊन फेडला. अल्ट्रामरीन म्हणजे अफगाणिस्तानातल्या लाजवर्द दगडाची निळाई. धातूची ट्यूब अमेरिकन चित्रकार जॉन गॉफ रँडने १८४१ला आणली. त्याआधी घोटलेला रंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत बांधून ठेवत, टाचणीने भोक पाडून पिळत आणि मग त्या भोकात खिळा. धंदा करणाऱ्या घरात हे रोजचं काम कुणीतरी करायलाच हवं. बीलांकडे ते नवरा करत होता आणि म्हणून बाईंना चेहऱ्याकडे बघायला वेळ होता.

---

नवखी_०७

काका, 'सुदैव' वाचून खूप हसले. पण मग रेनॉल्ड्सकडे गिऱ्हाईक यायचं का थांबलं नाही? चित्र उडतंय हे कळत होतं ना?

---

रसायन_काका

कळत होतं. सर जॉर्ज बोमाँट या रसिक गृहस्थाने एका बिचकणाऱ्या मित्राला सल्ला दिला होता की खुशाल काढून घे, रेनॉल्ड्सचं उडालेलं चित्रसुद्धा इतरांच्या ताज्यापेक्षा चांगलं. शिवाय त्याच्या चित्रांवरून मेझोटिंट पद्धतीचे (तांब्याच्या पत्र्यावरून काढलेले) छाप निघायचे, दुकानांच्या खिडक्यांत लागायचे. मूळ चित्र फिकट पडलं तरी काळ्यापांढऱ्या छापातली ऐट तशीच. गिऱ्हाइकाला आपण गावभर दिसतोय हे हवं होतं, चित्रकाराला फुकट जाहिरात.

---

पेठकर

धागा लंडनहून हलायला तयार नाही, म्हणून पुण्यात आणतो.

जेम्स वेल्स हा स्कॉटलंडच्या पीटरहेडचा. तिकडच्या बाजारात रेनॉल्ड्स, गेन्सबरो, रॉम्नी असताना मधल्या फळीतल्याला फार वाव नव्हता, म्हणून बरेच जण कंपनीची परवानगी काढून हिंदुस्थानात यायचे. टिली केटल १७६९ला मद्रासला उतरला, झोफनी १७८३ला आला आणि लखनौला कमावून गेला. सगळ्यांचंच भलं झालं असं नाही. ओझायस हम्फ्री हा सूक्ष्मचित्रं काढणारा लखनौच्या नवाबाकडची थकबाकी वसूल करता करता म्हातारा झाला.

वेल्स १७९१ला मुंबईत आला. पेशव्यांच्या दरबारातला इंग्रजांचा वकील (म्हणजे राजदूत) चार्ल्स मॅलेट याने त्याला पुण्याला बोलावलं. त्याने सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांचं एकत्र चित्र काढलं, ते आज लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीत आहे. महादजी शिंद्यांचंही काढलं. नानांचा तो लांबट, उभट चेहरा आज आपल्या डोळ्यांसमोर येतो त्यात वेल्सचा वाटा मोठा. मॅलेटच्या पुढाकाराने पुण्यात चित्रशाळाही निघाली. तिथे तयार झालेल्या गंगाराम चिंतामण तांबट यांनी वेरूळच्या लेण्यांची रेखाटनं केली आणि ती आज अभ्यासक शोधून शोधून बघतात.

वरच्या चर्चेशी जुळणारी गोष्ट पुढे आहे. ऑक्टोबर १७९५ला सवाई माधवराव गेले, पाठोपाठ नोव्हेंबरात वेल्सही साष्टीत वारला. त्याने दरबाराच्या मोठ्या चित्रासाठी चेहऱ्यांची, पोशाखांची टिपणं करून ठेवली होती. मॅलेटने ती इंग्लंडला नेली (वेल्सच्या थोरल्या मुलीशी, सुसॅनाशी, त्याने १७९९ला लग्नही केलं) आणि टॉमस डॅनिएल या चित्रकाराकडून चित्र करून घेतलं. विषय १७९०चा पेशव्यांशी झालेला तह. १८०५ला ते रॉयल अकॅडमीत लागलं, आता टेट संग्रहालयात आहे. म्हणजे बघा, तहाच्या वेळी वेल्स हिंदुस्थानातच नव्हता. चेहरे त्याने नंतर टिपले. रंगवलं तिसऱ्याच माणसाने, लंडनमध्ये बसून. आणि आपण शनिवारवाड्यातला गणपती रंगमहाल कसा होता हे सांगताना त्याच चित्राकडे बोट दाखवतो.

---

शंकासूर

हे म्हणजे व्हान आकेनच्या वरताण. अख्खा पेशवे दरबार उरलेल्या चेहऱ्यांवरून शिवला.

---

पेठकर

शिवला, पण चेहरे खरे आहेत. तेवढं तरी मान्य करा.

---

शंकासूर

चेहरे मान्य. रंगमहालाचे खांब राखून ठेवतो.

---

नवखी_०७

सरकारी नोकरी मिळाली की चित्रकार सुखी का? राजाचा चित्रकार म्हणजे काय मिळायचं?

---

वाचनमात्र_सुधीर

पगार नाममात्र, खरी कमाई प्रतींची. राजाचं चित्र प्रत्येक राजदूताला, गव्हर्नराला, मित्रराजाला द्यायचं असतं. तिसऱ्या जॉर्जच्या राज्याभिषेकाच्या वेषातलं चित्र रॅम्झीने १७६१-६२मध्ये केलं. मग राजाराणीच्या दीडशेच्या आसपास जोड्या त्याच्या कारखान्यातून निघाल्या. डेव्हिड मार्टिन, फिलिप राइनेगल असे हाताखालचे वर्षानुवर्षं तोच झगा, तोच पाय, तीच एर्मिनची पांढरी फर काढत बसले. राइनेगल पुढे प्राणी आणि निसर्गदृश्यांकडे वळला. मला त्याची पूर्ण सहानुभूती आहे.

१७८४ला रॅम्झी गेल्यावर ती जागा रेनॉल्ड्सने मागून घेतली. सालिना २०० पौंडांची म्हणून, आणि हातात पडले ३८. त्याने एका ड्यूकला पत्रात लिहिलं की या पदाचा मान राजवाड्याच्या उंदीरमाऱ्याइतकाच आणि मिळकत त्याच्याहूनही कमी.

---

तांबडा_पांढरा

आमच्या वडिलांनी एका पुढाऱ्याची तसबीर शाळाशाळांसाठी अशीच केली होती, एकसारख्या. पहिल्या दोनतीन स्वतः, बाकी पोराकडे. पोरगा शेवटी फोटो न बघता काढायचा. पैसे अर्धे आधी घेतले होते, उरलेले अर्धे निवडणुकीनंतर देतो म्हणाले.

---

चिमणराव_नव्हे

मिळाले?

---

तांबडा_पांढरा

पडले ते.